प्रकल्प नोंदी: पॅलेस्टिनी साहित्याचे अभिवाचन

२ जून २०२५

पॅलेस्टिनी साहित्यावरील अभिवाचनाच्या संहितेचे काम आजपासून सुरू झाले. कार्यक्रम दीड तासाचा असेल, चार वाचक असतील, पडदा किंवा चित्रफीत वापरायची नाही असे ठरले आहे. आपले श्रोते बहुतांशी असे असतील की ज्यांना हा प्रदेश बातम्यांमधून ठाऊक आहे, पण तिथली एकही कविता त्यांच्या कानावर पडलेली नाही.

पहिल्या बैठकीत मांडलेला आराखडा १९४८, १९६७, १९८२, १९८७, २००० आणि २०२३ या युद्धांच्या आणि उठावांच्या सालांवर उभा होता. मी त्याला विरोध नोंदवला. साहित्य युद्धांच्या सनावळीवर टांगले की प्रत्येक कविता कुठल्या तरी युद्धाची पडछाया होऊन बसते आणि लिहिणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे मागे पडते. माझा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक उताऱ्यापाशी थांबून आपण एकच प्रश्न विचारावा: हे कोणाला ऐकवण्यासाठी म्हटले आहे? आजी नातवंडांना गोष्ट सांगते, लग्नातला शीघ्रकवी वऱ्हाडी मंडळींपुढे गातो, लष्करी अमलाखालचा कवी सरकारी कारकुनाशी बोलतो, तुरुंगाबाहेरची बाई भिंतीपलीकडच्या माणसाला साद घालते आणि आजची कवयित्री मुलाखत घेणाऱ्या पत्रकाराला उत्तर देते. ऐकणारा कसा बदलत गेला हे लक्षपूर्वक पाहिले तर या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास त्यातच उलगडतो, असे मला वाटते. प्रस्ताव मान्य झाला.

सुरुवातीच्या निवेदनासाठी लागणारी किमान माहिती अशी. १९४८ साली इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा हाकलले गेले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. अरबीत या घटनेला ‘नकबा’ म्हणजे ‘अरिष्ट’ म्हणतात. निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची स्वतंत्र संस्था १९४९ च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिचे काम सुरू झाले. एवढे सांगून आपण साहित्याकडे वळू.

१० जून

लोककथांचा भाग निश्चित केला. पॅलेस्टाईनमधील ‘हिकाये’ ही कथनपरंपरा मुख्यतः वयस्क स्त्रियांची आहे. हिवाळ्यातल्या रात्री घरात बायका आणि मुले जमली की अनुभवी बाई आपल्या गावच्या बोलीत, आवाजाचे चढउतार करत गोष्ट सांगते. सांगणारी प्रथम ऐकणाऱ्यांना देवाचे एकत्व उच्चारायला लावते आणि श्रोत्यांचे उत्तर आल्यावरच गोष्ट पुढे जाते. मोठ्या पुरुषांनी अशा बैठकीत बसणे कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे सासू, सवत, नवरा आणि वारसाहक्क यांविषयी बायकांना जे वाटत होते ते या गोष्टींमध्ये मोकळेपणाने येते. युनेस्कोने या परंपरेचा २००५ मध्ये गौरव केला आणि २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला.

इब्राहिम मुहावी आणि शरीफ कनाना या अभ्यासकांनी १९७८ ते १९८० या काळात सुमारे दोनशे गोष्टी ध्वनिफितींवर घेतल्या आणि त्यांतल्या ४५ गोष्टींचा संग्रह १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. हाच संग्रह २००७ मध्ये हमासच्या ताब्यातील शिक्षण खात्याने शालेय ग्रंथालयांतून काढून टाकण्याचा आदेश दिला आणि लेखक, शिक्षक व वाचकांच्या निषेधानंतर तो आदेश मागे घेतला गेला. ही घटना निवेदनात राहिली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. या समाजाच्या वाङ्मयावर बाहेरून आलेल्या दडपणाबद्दल आपण बोलणार असू, तर आतून आलेल्या दडपणाबद्दल आणि ते झुगारणाऱ्या तिथल्याच माणसांबद्दलही बोलायला हवे.

लग्नातल्या गायनाबद्दलही आजच ठरवले. उत्तर इस्रायलमधल्या गॅलिली भागातल्या गावांत लग्नाच्या रात्री दोन शीघ्रकवी समोरासमोर उभे राहून सवालजवाब करतात आणि रांगेत उभे असलेले पाहुणे टाळ्यांच्या ठेक्यावर ‘या हलाली या माली’ हे पालुपद धरतात. यातला एक सवालजवाब आपल्या शाहिरी चालीत बसवावा अशी सूचना आली होती. ती चाल लागताच श्रोते गॅलिलीतून उठून थेट आपल्या फडात येऊन बसतील, म्हणून मी ती नाकारली. पालुपद अरबीतच, साध्या ठेक्यावर म्हटले जाईल.

१८ जून

मौखिक परंपरेला आपण इतके महत्त्व का देत आहोत, याचे कारण श्रोत्यांना दोन-तीन वाक्यांत कळले पाहिजे आणि त्यासाठी पुस्तकांचे काय झाले ते सांगणे भाग आहे. जेरुसलेममधील शिक्षणतज्ज्ञ खलील सकाकिनी यांना १९४८ च्या एप्रिलअखेर कतमोन वस्तीतले आपले घर सोडावे लागले. मागे राहिलेल्या ग्रंथसंग्रहाचा त्यांनी नंतर आपल्या रोजनिशीत निरोप घेतला, आणि पुस्तकांचे पुढे काय झाले असेल याची काळजी त्या लिखाणात आहे. पश्चिम जेरुसलेममधील अशा रिकाम्या अरब घरांतून सुमारे ३० हजार पुस्तके गोळा करून तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात नेण्यात आली. त्यांतली हजारो आजही ‘सोडून दिलेली मालमत्ता’ अशा शिक्क्यासह तिथे आहेत. पुढे १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बैरुतमध्ये शिरले तेव्हा पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या संशोधन केंद्रातील ग्रंथ आणि कागदपत्रे नेण्यात आली आणि पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांचा काही भाग परत मिळाला.

अशा परिस्थितीत निर्वासितांनी स्वतःच ग्रामस्मृतींची पुस्तके तयार केली. उद्ध्वस्त झालेल्या एकेका गावावर, तिथल्याच माणसांनी, वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेली अशी शंभराहून अधिक पुस्तके आहेत. शेतांची नावे, विहिरी, कोणाचे घर कोणाच्या घराला लागून होते, कोणत्या लग्नात कोण गायले, असा त्यांतला मजकूर असतो. साहित्यगुण म्हणून ही पुस्तके कोणी वाचत नाही, पण माझ्या मते कविता समजून घ्यायची असेल तर ती वाचायला हवीत, कारण कवितेत येणारे झाड, विहीर किंवा उंबरा हे तिथल्या वाचकासाठी एका ठरावीक गावातले असतात. आपल्या संहितेत यातली एक यादी, कोणतेही भाष्य न करता, वाचली जाईल.

२७ जून

लष्करी अमलाखालच्या कवींचा भाग लिहायला घेतला. तो मनासारखा मोठा झाला आहे आणि तो लहान करण्याची माझी इच्छा नाही. १९४८ नंतर जे पॅलेस्टिनी इस्रायलच्या हद्दीत राहिले आणि नागरिक झाले, त्यांच्यावर १९६६ पर्यंत लष्करी प्रशासन होते. दुसऱ्या गावी जायचे तर परवाना लागे. अरब देशांत छापलेली पुस्तके मिळणे कठीण होते आणि त्या देशांना यांच्या लिखाणाची खबरच नव्हती. या कोंडीत हैफाहून निघणारी कम्युनिस्ट पक्षाची ‘अल्-इत्तिहाद’ आणि ‘अल्-जदीद’ ही नियतकालिके आणि गावोगावी भरणारे काव्यमेळावे हीच कवींची दोन दारे होती. तौफीक झय्याद, समीह अल्-कासिम आणि महमूद दरवीश यांच्या कवितेची घडण या मेळाव्यांत झाली. ती कवितेच्या रचनेतही दिसते: ओळी आखूड आहेत, हाक मोठी आहे, आणि एकदा ऐकल्यावर मेंढपाळाच्याही लक्षात राहावे असे धृपद आहे.

दरवीश यांचा जन्म १९४१ चा, अक्का शहराजवळच्या अल्-बिरवा गावातला. कुटुंब १९४८ मध्ये लेबनॉनला गेले आणि वर्षभरात गुपचूप परतले, तोवर गाव जमीनदोस्त झाले होते. जनगणनेच्या वेळी ते देशात नव्हते, म्हणून कायद्याने त्यांची गणना ‘हजर-गैरहजर’ अशा विलक्षण वर्गात झाली. शाळकरी वयात त्यांनी इस्रायलच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका ज्यू मुलाला उद्देशून कविता वाचली: तुझ्याकडे घर आहे, खेळणी आहेत, सण आहे, माझ्याकडे का नाही? दुसऱ्या दिवशी लष्करी प्रशासकाने दरवीश यांना बोलावून दरडावले की असे पुन्हा लिहिलेस तर तुझ्या बापाचे खाणीतले काम बंद करू. ही आठवण दरवीश यांनी स्वतः सांगितलेली आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती मला अमोल वाटते. या कवीला त्याच्या कवितेचा पहिला गंभीर श्रोता गणवेशात भेटला.

त्यानंतर ‘ओळखपत्र’ ही कविता घेतली आहे. १९६४ च्या ‘ऑलिव्हची पाने’ या संग्रहातली ही कविता नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. बोलणारा दगडाच्या खाणीत राबणारा आठ मुलांचा बाप आहे. वाचकाने ही कविता आवेशाने म्हणू नये असे मी समासात लिहिले आहे. रांगेत उभा राहून आपला क्रमांक सांगणाऱ्या माणसाचा सपाट स्वर पहिल्या चार कडव्यांना हवा, कारण शेवटच्या कडव्यात भूक आणि राग यांचा उल्लेख येतो तेव्हा तो त्याच सपाटीवरून यायला हवा.

एमिल हबीबी यांच्या ‘सईद’ या १९७४ च्या कादंबरीचा एक छोटा उतारा इथेच घेतला आहे. खबऱ्या होऊन जगू पाहणाऱ्या भित्र्या माणसाची ही कथा आहे. हबीबी इस्रायली संसदेचे सदस्य होते आणि १९९२ मध्ये त्यांनी इस्रायल पुरस्कार स्वीकारला तेव्हा अरब जगात मोठा वाद झाला. १९९६ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार ‘हैफातच राहिलेला’ अशा अर्थाचे शब्द त्यांच्या थडग्यावर कोरले आहेत.

८ जुलै

आज घस्सान कनफानी यांचा स्मृतिदिन. १९७२ साली याच दिवशी बैरुतमध्ये मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने ते आणि त्यांची १७ वर्षांची भाची मारली गेली. ते कथाकार होते, निर्वासित शाळांत शिक्षक होते आणि पॅलेस्टाईनच्या मुक्तीसाठीच्या लोकआघाडी या सशस्त्र संघटनेचे प्रवक्तेही होते. इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेने केलेली ती हत्या होती असे मानले जाते. यातली कोणतीही गोष्ट निवेदनातून गाळू नये. ‘प्रतिकाराचे साहित्य’ ही संज्ञा रूढ करणारा त्यांचा अभ्यासग्रंथ १९६६ चा असून दरवीश आणि त्यांच्या सोबत्यांची ओळख बाहेरच्या अरब वाचकांना मुख्यतः त्यातून झाली.

‘उन्हातली माणसे’ ही १९६३ ची लघुकादंबरी या कार्यक्रमाच्या मध्यभागी राहील. तीन वेगवेगळ्या वयांचे पॅलेस्टिनी निर्वासित कामाच्या शोधात बसऱ्याहून कुवेतला चोरून जायला निघतात. अबुल खैझुरान हा त्यांच्याच समाजातला ड्रायव्हर पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये त्यांना बसवतो. ऑगस्टच्या उन्हात सीमेवरच्या चौकीतला कर्मचारी एका नर्तकीवरून त्याची थट्टा करत कागद अडवून धरतो आणि तेवढ्या वेळात टाकीतले तिघे गुदमरून मरतात. रात्री तो त्यांची प्रेते कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर टाकतो, एकाच्या हातातले घड्याळही काढून घेतो, आणि मग त्याच्या तोंडून तो प्रश्न फुटतो की तुम्ही टाकीच्या भिंती का वाजवल्या नाहीत?

आमच्या प्रश्नाला ही कथा उलट बाजूने भिडते, म्हणून ती मध्यभागी हवी. इतर सर्व उताऱ्यांत कोणीतरी कोणाला तरी हाक मारत आहे. इथे हाक मारलीच गेली नाही, आणि मेलेल्यांनाच त्याचा जाब विचारला जातो. हा जाब क्रूर आहे असे मत आमच्यातल्या एका वाचकाने मांडले आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले. माझ्या मते प्रश्न विचारणारा ड्रायव्हर स्वतः दोषी आहे, तो चौकीत थट्टा ऐकत उभा होता, आणि कनफानी यांनी हा प्रश्न हेतुपूर्वक त्याच्याच तोंडी घातला आहे. १९७२ च्या सीरियन चित्रपटात दिग्दर्शक तौफीक सालेह यांनी शेवट बदलला: तिथे आतली माणसे भिंती वाजवतात, पण चौकीतल्या वातानुकूलन यंत्रांच्या आवाजात ते कोणालाच ऐकू जात नाही. मधल्या काळात १९६७ चे युद्ध होऊन गेले होते. वाजवूनही ऐकणारा नसणे हा अनुभव तोवर जमा झाला होता, असा मी या बदलाचा अर्थ लावतो. कादंबरीचा शेवट वाचल्यानंतर चित्रपटातला हा बदल निवेदनात दोन वाक्यांत सांगायचा.

‘हैफाला परत’ ही १९६९ ची कथा वेळेअभावी पूर्ण घेता येणार नाही. १९४८ च्या गोंधळात हैफातल्या घरी राहून गेलेले तान्हे मूल वीस वर्षांनी आईबापांना इस्रायली सैनिक म्हणून भेटते. त्याला वाढवणारी बाई युरोपातल्या ज्यूंच्या संहारातून आलेली आहे, आणि कनफानी तिला माणूस म्हणून उभी करतात. या एका पात्रासाठी तरी दोन पानांचा संवाद ठेवला आहे.

२३ जुलै

स्त्रियांच्या आवाजांचा भाग वेगळा न करता सर्वत्र विखुरला आहे. कवयित्री फदवा तुकान (१९१७–२००३) वेस्ट बँकेतल्या नाबलुस शहरातल्या कडक घराण्यातल्या. एका मुलाने फूल दिले एवढ्यावरून भावाने त्यांची शाळा सोडवली आणि इब्राहिम या दुसऱ्या भावाने, जो स्वतः नामांकित कवी होता, त्यांना घरी कविता शिकवली. त्यांच्या आत्मचरित्रातील घराच्या बंद दारांचे वर्णन हिकायेनंतर लगेच येईल.

तरवीदा या प्रकारातले एक गीत मिळाले. कैदेत असलेल्या माणसांपर्यंत निरोप पोचावा आणि पहारेकऱ्याला तो समजू नये, म्हणून बायका शब्दांमध्ये ‘ल’ या ध्वनीची भर घालून गात, असे परंपरा सांगते. आमच्या गटातल्या गाणाऱ्या ताईंना ते ऐकताच जात्यावरची ओवी आठवली आणि ते साहजिक आहे, परंतु ओवीतली बाई जात्याशी मन मोकळे करते आणि इथली बाई निरोप पोचवते. चाल संथ असली तरी तिच्यात घाई आहे, ती गाताना जाणवावी.

९ ऑगस्ट

दरवीश २००८ मध्ये आजच्या दिवशी ह्यूस्टनमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर वारले आणि वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहरात त्यांचे दफन झाले. त्यांच्या उत्तरायुष्यातला श्रोत्यांशी असलेला ताण हा आजचा विषय. ते १९७० मध्ये देशाबाहेर पडले. कैरो, बैरुत, पॅरिस असे राहून १९९६ मध्ये रामल्लात आले. दरम्यान १९८८ च्या अल्जिअर्स येथील पॅलेस्टिनी स्वातंत्र्यघोषणेचा मसुदा त्यांनी लिहिला होता. हजारो लोक त्यांच्या वाचनाला येत आणि जुनी, पाठ असलेली कविता मागत. ते मात्र मृत्यू, भाषा आणि एकटेपणा यांवरच्या दीर्घ कविता ऐकवत. सर्व समाजाचा आवाज होण्याचा मान त्यांना जड होत गेला आणि तरीही त्यांनी मंच सोडला नाही. मृत्यूच्या महिनाभर आधी रामल्लात त्यांनी फासे टाकणाऱ्या जुगाऱ्यावरची कविता वाचली. आपले असणे हा किती योगायोगांचा खेळ आहे हे त्या कवितेत येते. तरुण दरवीश आणि हे दरवीश एकाच वाचकाच्या आवाजात यावेत असे ठरवले आहे.

कवी मुरीद बरघूती यांच्या ‘मी रामल्ला पाहिले’ या १९९७ च्या आठवणींतून जॉर्डन नदीवरच्या पुलाचा प्रसंग घेतला. कैरोत शेवटच्या वर्षाची परीक्षा देत असताना १९६७ चे युद्ध झाले आणि त्यांना घरी परतायला तीस वर्षे लागली. त्या छोट्या लाकडी पुलावरून चालताना त्यांच्या मनात जे येते, त्यात घोषणा एकही नाही. ते स्वतःशीच बोलतात, आणि आपल्या संहितेत असा हा एकमेव उतारा आहे.

२१ ऑगस्ट

मंचीय कवितेचा भाग. रफीफ झियादाह यांचा जन्म बैरुतमधल्या निर्वासित कुटुंबातला. २००८–०९ च्या गाझावरील हल्ल्यांच्या काळात त्या माध्यमांशी बोलण्याचे काम करत असताना एका पत्रकाराने विचारले की तुम्ही मुलांना द्वेष शिकवणे थांबवलेत तर सगळे सुरळीत होणार नाही का? २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांनी सादर केलेली इंग्रजी कविता हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ठरावीक सेकंदांत, ठरावीक शब्दसंख्येत आणि आकडेवारीच्या आधाराने आपले दुःख सिद्ध करावे लागण्याची कोंडी तिच्या लयीत आहे. सुहैर हम्माद यांची ब्रुकलिनमधली कविता चांगली असूनही वेगळ्या, अमेरिकी वळणाची आहे, म्हणून ती वगळली.

दारीन तातूर यांच्याबद्दल निवेदन लागेल. त्या इस्रायलच्या नागरिक. समाजमाध्यमावर टाकलेली कविता आणि इतर मजकूर यांवरून २०१५ च्या ऑक्टोबरात अटक, त्यानंतर दीर्घकाळ नजरकैद, २०१८ मध्ये चिथावणीच्या आरोपाखाली पाच महिन्यांची शिक्षा, आणि २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने कवितेपुरता तो दोष रद्द केला.

३० ऑगस्ट

गाझाचा भाग लिहिताना पार्श्वभूमी नेमकी सांगायची आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली गेली, आणि त्यानंतर गाझावर युद्ध सुरू झाले. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारे रिफात अल-अरीर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या गोष्टी इंग्रजीत लिहायला लावल्या आणि २०१४ मध्ये त्यांतल्या २३ कथांचा संग्रह संपादित केला. त्यांची भूमिका अशी होती की आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपण आपले सांगावे. ६ डिसेंबर २०२३ रोजी हवाई हल्ल्यात ते भाऊ, बहीण आणि तिच्या मुलांसह मारले गेले. त्यांची पतंगावरची कविता जगातल्या कितीतरी भाषांत गेली. कादंबरीकार आणि कवयित्री हिबा अबू नदा यांचा मृत्यू त्याच वर्षी २० ऑक्टोबरचा. मोसाब अबू तोहा यांनी २०१७ मध्ये गाझात इंग्रजी पुस्तकांचे सार्वजनिक ग्रंथालय उभे केले होते. युद्धावरच्या लेखांसाठी त्यांना २०२५ चा पुलित्झर मिळाला.

या भागात एकही मृत्यूवर्णन वाचायचे नाही. पतंगाची कविता आणि विद्यार्थ्यांच्या संग्रहातली एक कथा वाचायची. ही माणसे काय लिहीत होती हे श्रोत्यांनी ऐकावे, एवढाच त्यामागचा विचार आहे.

१२ सप्टेंबर

पूर्ण वाचन झाले. कार्यक्रम वीस मिनिटांनी लांबतो. परवानग्यांपैकी एका प्रकाशकाचे उत्तर अद्याप यायचे आहे.

वेळेसाठी कवी ताहा मुहम्मद अली यांची ‘सूड’ ही कविता काढावी असा आग्रह होता. सफ्फूरिया हे त्यांचे गाव १९४८ च्या जुलैत इस्रायली सैन्याच्या ताब्यात गेले. औपचारिक शिक्षण जेमतेम चार वर्षांचे, आणि पुढे नाझरेथमध्ये त्यांनी यात्रेकरूंसाठी भेटवस्तूंचे दुकान चालवले. त्या कवितेत बापाला मारणाऱ्याशी द्वंद्व करण्याची इच्छा बोलून दाखवणारा माणूस हळूहळू त्या शत्रूची वाट पाहणारी आई, थोडा उशीर झाला तरी छातीवर हात ठेवणारा बाप, बहिणी, मित्र आठवत जातो आणि मारण्याचा विचार सोडत जातो. त्याचे कोणीच नसेल तर रस्त्यात त्याच्याकडे दुर्लक्ष करणे हाच सूड, इथवर तो येतो. ही एकच कविता थेट शत्रूला ऐकवण्यासाठी आहे. ती काढली तर आपल्या प्रश्नाचे सर्वांत कठीण उत्तर संहितेतून निघून जाईल, असे मी बैठकीत सांगितले आणि ते पटले. तिच्यासाठी सुरुवातीचे ऐतिहासिक निवेदन अर्ध्यावर आणले आहे, हबीबींचा उतारा एका परिच्छेदाने कमी केला आहे, आणि सुधारित संहिता उद्या चारही वाचकांकडे जाईल.